शिंगाच्या मुठीचा चाकू

पहाडातल्या त्या पोस्टवर आमचं सेक्शन, म्हणजे दहा जणांची तुकडी, पोचलं तेव्हा बर्फ वितळायला लागला होता. मी हवालदार होतो, सेक्शन कमांडर. काम साधं होतं. सकाळी रस्ता उघडायचा, म्हणजे गाड्या निघण्याआधी पायी जाऊन तो ठीक आहे का ते बघायचं. मग गाड्या पास करायच्या, खालून रेशन आणायचं, संध्याकाळी रेडिओवर रिपोर्ट द्यायचा. लोकांना वाटतं फौजेत रोज गोळीबार असतो. फौजेत रोज बूट, भांडी आणि रोल कॉल असतो. गावात हे सांगितलं की ऐकणाऱ्याचं तोंड पडतं, म्हणून हल्ली मी सांगत नाही.

अशा ठिकाणी माणसाला काहीतरी नाद लागतो. मला चाकूंचा लागला. चाकू म्हटलं की लोक मागे सरकतात, म्हणून आधीच सांगतो, मारामारीचा नव्हे. खिशात मावणारा, घडीचा, लाल मुठीचा चाकू. त्यात पातं, कात्री, करवत, डबा फोडायचं हत्यार, दाभण, चिमटा असं सगळं मिटून बसलेलं असतं. मूळचा स्विस. आता तो जगभर विकला जातो आणि त्याहून जास्त त्याची नक्कल विकली जाते. सुटीवर जाता-येता वाटेतल्या जुन्या बाजारांत मी असे चाकू शोधायचो. पात्याच्या मुळाशी कोरलेला छाप वाचायचा. हत्यार उघडताना आणि मिटताना एकदाच टक असा आवाज यायला हवा. मिटलेला चाकू उजेडापुढे धरला की पत्र्यांच्या मधून फट दिसता कामा नये. एवढं जमलं की दहातले नऊ चाकू परत ठेवता येतात.

लान्स नाईक भानुदास माझ्याच तालुक्यातला, नेवाशाचा, घोडेगावजवळच्या वस्तीवरचा. कामाला वाघ, ऐकण्यात शून्य. माझं बघून त्याने एक चाकू घेतला. अस्सल, मी स्वतः निवडून दिलेला. पुढच्या सुटीवरून परत आला तेव्हा त्याने त्याची पार रया घालवली होती. मुठीच्या लाल पट्ट्या काढून टाकल्या होत्या. त्याच्या घरचा म्हातारा बैल गेला होता, त्याच्या शिंगाच्या पट्ट्या कानशीने घासून बसवल्या होत्या. एक बाजू पिवळसर, दुसरी काळी. बूच काढायचा स्क्रू कापून त्याचा आकडा केला होता, चुलीवरचा तापलेला मेस टिनचा डबा उचलायला.

"हा स्क्रू कापलास?"

"व्हय, उस्ताद. आपल्या रमच्या बाटलीला बूच कुठं अस्तं? झाकन अस्तं."

"अरे, चाकू वाया घालवलास."

"कामाचा क्येला, उस्ताद. तुमचे समदे डब्यात झोपल्यात."

हे मी गिळलं. पुढचं गिळता आलं नाही. थंडीचे दिवस आले आणि एका सकाळी त्याचा चाकू उघडेना. पातं हलेना, करवत हलेना, सगळं चिकटून एक झालेलं. विचारलं तर म्हणाला, घाण्यावरचं करडईचं तेल घातलं होतं. बायकोने खायला म्हणून डबाभर पाठवलेलं. आज्जा कुऱ्हाडीला हेच लावायचा, असंही वर सांगितलं. करडईचं तेल उघड्यावर राहिलं की वाळून डिंकासारखं होतं, हे शेतकऱ्याच्या पोराला मी सांगायचं. सगळ्या सेक्शनसमोर त्याला झापलं. चाकू रॉकेलमध्ये बुडवून ठेवायला लावला, ब्रशने घासायला लावला आणि रायफल ऑइल घालून दिलं. दर रविवारी मला उघडून दाखवायचा, ही ऑर्डर आहे, म्हटलं. तो दर रविवारी यायचा, एकेक हत्यार टक टक उघडायचा आणि हसायचा. ते हसणं मला मुळीच आवडायचं नाही.

दुसऱ्या वर्षी बर्फ वितळताना ते घडलं. आम्ही खालून रेशन घेऊन दोन गाड्यांतून परत येत होतो. भानुदास माझ्याबरोबर पुढच्या गाडीत होता. मागच्या गाडीच्या हौद्यात दोन जवान, कुक आणि पोती होती. एका वळणावर वरून दगड सुटले. मागची गाडी रस्ता सोडून नाल्यात आडवी झाली. ड्रायव्हर खिडकीतून निघाला. हौद्याला मागून ताडपत्री आवळून बांधलेली होती आणि आत पाणी भरत होतं. आतून ओरडणं ऐकू येत होतं.

मी रेडिओ सेट उचलला.

"टायगर, टायगर फॉर अल्फा वन. गाडी नाल्यात. तीन माणसं आत. रिकव्हरीची गाडी पाठवा. ओव्हर."

"अल्फा वन, रिकव्हरी निघतेय. अजून दगड येतायत का? ओव्हर."

"येतायत. ओव्हर."

मी वळून बघितलं तर भानुदास खाली पोचलेला होता. मी त्याला ऑर्डर दिली नव्हती. बोटं गारठलेली म्हणून त्याने पातं दाताने उघडलं आणि ताडपत्री वरून खालपर्यंत फाडली. मी खाली उतरेपर्यंत दोघे जवान बाहेर आले होते. कुकचा पाय पोत्यांच्या दोरखंडात अडकला होता. भानुदास आत शिरला.

"बाहेर ये," मी म्हटलं.

"येक मिनिट, उस्ताद."

तो करवतीने दोरखंड कापत होता, तो आवाज येत होता. मग कुक बाहेर ढकलला गेला आणि मी त्याची कॉलर धरली. त्याला ढकलायला दोन्ही हात लागणार म्हणून भानुदासने चाकू त्याच्याच हातात दिला होता. मी आणि कुक काठावर पोचलो आणि वरून पुन्हा दगड आले. गाडी उलटी होऊन खाली गेली.

तो दुपारी मिळाला, बराच खाली. ओळख मी पटवली. मला तेव्हा रडू आलं नाही, त्याचा राग आला. मी बाहेर ये म्हटलं होतं. तो राग अजून गेलेला नाही. कुकची मूठ उघडत नव्हती, ती मी एकेक बोट करून उघडली आणि चाकू घेतला. पुसून भानुदासच्या सामानात ठेवला आणि सामान घरी गेलं.

मी सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि नेवाशाला राहायला आलो. आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, तसा मीही मेजर. चाकूंचं कपाट भिंतीला लावलं आणि तिथून माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला. कुणी शिंगणापूरला दर्शनाला जातो, येताना दुकानातून लाल चाकू घेतो. कुणी मोबाईलवरून मागवतो. मग माझ्याकडे येतात.

"ओरिजिनल हाय ना, मेजर?"

"नाही."

"नीट बघा की."

"नीटच बघितलं. कात्रीची स्प्रिंग ढिली आहे, पत्र्यांत फट आहे, आणि छापात एक अक्षर कमी आहे."

मग ते रुसतात. जणू ते अक्षर मीच खाल्लं. आता मी छाप वाचायच्या आधीच चहा मागवतो, म्हणजे रुसवा निदान चहाबरोबर जातो. घरातही वेगळं नाही. एवढ्या चाकूंमधून भाजी चिरायला एक द्या म्हटलं तर जीव जातो, असं बायको येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते.

गेल्या वर्षी भानुदासचा धाकटा भाऊ अशोक आला. गावात शाळेशेजारी भानुदासचं स्मारक होत होतं. एक खोली, पुतळा आणि काचेचं कपाट. अशोकने त्यासाठी वर्षभर चपला झिजवल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. त्याने खिशातून चाकू काढून माझ्यापुढे ठेवला.

"दादाचा चाकू. उद्घाटनाला तुमी माईकवर सांगा, ह्योच त्यो चाकू म्हनून. तुमचा शब्द लोक मानत्यात."

मी हातात घेतला. मुठीला शिंगासारखं दिसणारं प्लॅस्टिक होतं. बूच काढायचा स्क्रू जागच्या जागी होता.

"हा त्याचा नाही. ह्याला स्क्रू आहे."

"स्क्रू कोन बघतंय?"

"मी बघतोय."

अशोक खाली बघत म्हणाला, "वहिनी म्हनती खरा हरवला. कपाटात सगळं हाय, गनवेश, मेडल, बूट. पन पोरं इचारनार चाकू कुठं हाय. ज्याच्यानं तीन मानसं वाचली त्यो चाकूच न्हाई, हे बरं दिसतं का? तुमी नुसतं व्हय म्हना. वस्तू म्हत्त्वाची नस्ती, भावना म्हत्त्वाची."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. ज्याला वस्तू नीट बघायची नसते त्याला भावना फार असते. पण अशोकवर ओरडावं असा तो माणूस नाही. चाकू परत दिला, विचार करतो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेलो.

भानुदासची बायको, मंदा वहिनी, गोठ्यात होत्या. तीन गाई आहेत, दूध डेअरीला जातं, त्यावर घर चालतं. मी उभा होतो तोवर त्यांनी पेंडीच्या पोत्याची शिवण उसवायला कमरेचा चाकू काढला. एक बाजू पिवळसर, दुसरी काळी.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चाकू लपवला नाही.

"हरवला न्हाई, भाऊजी."

"दिसतंय."

"देनार न्हाई."

त्यांनी तो माझ्या हातात दिलाही नाही, लांबूनच दाखवला. पातं घासून घासून निम्मं अरुंद झालेलं. काळी पट्टी तडकली होती आणि ती पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवली होती. मला राहवलं नाही.

"हा दगडावर घासता?"

"मंग कशावर घासू? धार गेली तर ठिवून काय करू?"

चाकू जपणाऱ्या माणसाचा जीव अशा वेळी कसा होतो, ते सांगून कळणार नाही. मी त्यांना शांतपणे सांगितलं, मला द्या, मी पट्ट्या नीट बसवतो, पातं सरळ करतो, मग ठरवू. हे सांगताना तो आपल्या कपाटात कुठल्या जागी शोभेल, हेही माझ्या डोक्यात येऊन गेलं.

त्यांनी पोतं बाजूला ढकललं.

"गनवेश नेला. मेडल नेलं. बूट नेलं, फोटु नेला. मी कायबी बोलले न्हाई, गावाचा मान हाय. पन कपाटाची किल्ली शाळेत ऱ्हानार. माझ्या मानसाची वस्तू बघायला मी हेडमास्तरला किल्ली मागू? दिवाळीच्या सुट्टीत शाळा उघडायची वाट बघू? ह्यो येकच ऱ्हायलाय जो माझ्या हातात अस्तो. तुमाला खोटं बोलायचं तर बोला, खरं बोलायचं तर बोला. मी देनार न्हाई."

मी मोटरसायकलवर परत आलो आणि वाटभर सगळ्यांवर चिडत आलो. व्हय म्हटलं तर भानुदासच्या पुतळ्यासमोर नक्कल खपवायची. नाही म्हटलं तर गाव खऱ्याच्या मागे लागणार. आधी अशोक, मग सरपंच, मग आख्खी पंचायत वहिनींच्या गोठ्यात, भावना घेऊन.

उद्घाटनाच्या दिवशी मंडप भरला होता. मंदा वहिनी पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. माझं नाव पुकारलं. मी कॅप घातली आणि माईकपुढे उभा राहिलो.

"कपाटातला चाकू भानुदासचा नाही," मी म्हटलं. "बाजारातला आहे. अशोकने तो चांगल्या मनाने आणला. खरा चाकू हरवलेला नाही. तो वहिनींकडे आहे आणि त्यांच्याकडेच राहणार. भानुदास गेल्यावर त्याचं सामान सरकारने त्यांच्या हवाली केलं. त्यातलं काय द्यायचं आणि काय ठेवायचं, हे फक्त त्या ठरवतील. तो मागायला त्यांच्या दारात कुणी जायचं नाही. मीसुद्धा नाही. ही ऑर्डर समजा."

टाळ्या पडल्या नाहीत. अशोकचा चेहरा उतरला, आणि मला वाईट वाटलं. सरपंचांनी घसा खाकरला आणि पुढच्या पाहुण्यांना बोलावलं. फुकटचा मेजर म्हणवून घेतल्याचा एवढा एकच उपयोग आजवर झाला. त्यानंतर मागायला कुणी गेलेलं नाही. अशोकने नक्कल मात्र काढली नाही, समोर 'नमुना' अशी पाटी ठेवली. काय बोलणार.

कार्यक्रम संपल्यावर वहिनींनी मला वस्तीवर चहाला नेलं. गोठ्यात गाई हंबरत होत्या, धारांची वेळ झाली होती. त्यांनी कमरेचा चाकू काढला आणि माझ्यापुढे धरला.

"धरा घटकाभर. त्या दिसापासून धरला नसंल तुमी."

मी धरला. एकेक हत्यार उघडलं, एकेक मिटलं. करवत अजून टक वाजत होती. वहिनी बादली घेऊन उभ्या होत्या. मग पेंडीचं नवं पोतं फोडायचं होतं, म्हणून मी तो परत दिला. त्यांनी उसवायचं सोडून पोत्याच्या प्लॅस्टिकमध्येच सरळ पातं खुपसलं आणि खरडत खाली ओढलं. पातं खराब करायचा ह्याहून सोपा मार्ग नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

लान्स नाईक भानुदास तिथे असता तर त्याने माझा चेहरा बघितला असता आणि तो हसला असता. मी त्याला सावधान उभं करून चांगलं झापलं असतं. मला त्याला अजून खूप झापायचं होतं.