हौदवाल्या मावशीचं राहिलेलं काम

हौदवाली मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण गावातल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिच्या धाकातून सुटलेला माणूस सापडणं मुश्कील. हे चर्च तिच्या गवंडी सासऱ्यानं बांधलं, आणि पठ्ठ्यानं आधी बांधला तो हौद. भिंती नंतर, छप्पर तर कित्येक वर्षांनी. बॅप्टिस्ट मंडळींचं असंच असतं. माणूस जाणता झाला की स्वतःच्या तोंडानं श्रद्धेची कबुली देतो आणि अख्खा पाण्यात बुडून निघतो, हाच त्यांचा बाप्तिस्मा. चार थेंब शिंपडून त्यांचं भागत नाही. चर्चचे पाळक जिथं उभे राहून प्रवचन देतात त्या फळ्यांखालीच हौद आहे. फळ्या उचलल्या की पायऱ्या दिसतात.

तो भरायचं काम मावशीचं. हंड्याहंड्यानं पाणी तापवून ओतायचं, कोपर बुडवून अंदाज घ्यायचा. उतरणारा थरथरायला लागला की पायरीशी टॉवेल घेऊन म्हणायचं, "डोळे मिट. मी इथंच आहे." धीर द्यावा तर तिनंच.

मग हौद गळायला लागला. पाया खचेल म्हणून तो बुजवायचं ठरलं. पुढचे बाप्तिस्मे शेजारच्या गावात. 

"बुजवण्याआधी एकदा भरू या," मावशी नव्या पाळकांना म्हणाली.

"कुणासाठी, मावशी?"

"माझा राहिलाय."

पाळकांना आधी थट्टाच वाटली. पण खरं होतं ते, तिचा स्वतःचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. लहानपणी ती विहिरीत पडली होती, तेव्हापासून डोक्यावरून पाणी म्हटलं की ती मागे सरायची. माहेरचे म्हणाले, सासरी होईल. सासरच्यांनी धरून चाललं, माहेरी झालाच असणार. आणि हौद भरणाऱ्या बाईला कोण कशाला विचारतंय? तिला मात्र आयुष्यभर टोचत होतं. सासऱ्याच्या हौदात नाही उतरले तर कुठंच उतरणार नाही, हे ती ओळखून होती.

पाळक तयार झाले. रविवारी मंडळींनी तिला हंड्याला हात लावू दिला नाही. जो तो घरून पाणी घेऊन आला, आणि मावशीला गार लागू नये म्हणून प्रत्येकानं उकळूनच आणलं. तिनं कोपर बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं.

"मला बुडवायचंय का शिजवायचंय?"

सगळे पोट धरून हसले, तीही हसली. पाणी निवेपर्यंत मंडळी बाकांवर ताटकळली, हौद थोडा गळलाही, पण कमरेएवढं पाणी राहिलं. तेवढ्या वेळात तिची भीती मात्र परत आली. पहिल्याच पायरीवर ती अडली.

टॉवेल घेऊन शाळेतल्या बाई उभ्या होत्या. पोरवयात याच पायरीवर त्या रडल्या होत्या, आणि मावशीनं त्यांना खाली पाठवलं होतं.

"डोळे मिटा मावशी," बाई म्हणाल्या. "मी इथंच आहे."

मावशीनं डोळे मिटले. पाळकांनी तिला बुडवलं, वर काढलं. धापा टाकत ती टॉवेलात शिरली आणि बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मग नाक पुसलं, वळून हौदाकडे बघितलं.

"आता खुशाल बुजवा," ती म्हणाली.