मागच्या सीटची एअरबॅग

घरातली पहिली गाडी घेताना मी एकच अट घातली होती. मागे बसणाऱ्यांसाठीही एअरबॅग हवी. आमच्याकडे पुढची सीट बाबांची, आई कायम मागे. गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी करणारा माझा शाळेतला मित्र म्हणाला, "सहा एअरबॅगी आसत रे, माझ्यावर सोड." त्याच्या डब्यातलं खाऊन मी शिकलो होतो, म्हणून खरंच सोडलं.

गाडी आधी आचऱ्याच्या देवळासमोर नेली. देवळाचा मानकरी असलेल्या गावकाराने देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेची राखण कर." आमच्याबरोबर मित्रही "व्हय म्हाराजा" म्हणाला. नारळ फुटल्यावर, शोरूममधल्या गाडीत त्याने दाखवलेली एअरबॅगची खूण मी मागच्या दाराजवळ शोधली. ती नव्हती.

"दोनच आसत, पुढे," तो हळूच म्हणाला. "सहावाली मिळाक उशीर झालो असतो. अरे, मागे तुझी आवसच बसतली मां? आणि जातलास खंय, हयच जवळ ओरोसाक!"

मी आईला म्हटलं, "तू पुढे बस."

ती हसली. "आणि तुझ्या बापाशीक खंय बसयतलंस?"

मित्राने तिच्यासाठी अदबीने मागचं दार उघडलं.