एक छेद सात

"आडनाव सांग. मोठ्यानं. मागच्या बाकाला ऐकू गेलं पाहिजे."

मी सांगितलं. सरांनी मान डोलावली. मार्कर माझ्या हातात दिला नाही, टेबलावर टाकला. "एक छेद सात दशांशात लिही. बाकी शून्य आली की जागेवर बस. तोवर हलायचं न्हाई."

नांदेडचा तो क्लास. मी नववीत. वर्गात डॉक्टरांची, मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांची, गावाकडं बागायती जमीन असलेल्यांची मुलं. आम्ही मूळचे भोकर तालुक्यातले, गावाबाहेरच्या वस्तीतले. आई त्याच क्लासची झाडलोट करायची, म्हणून मला फुकट बसू दिलं होतं. फुकट हा शब्द सर हजेरी घेताना न विसरता म्हणायचे.

हा भाग आदल्या दिवशीच शिकवून झाला होता. मी वर्गात नव्हते. आई तापानं फणफणली होती आणि सरच म्हणाले होते, "आज तू झाड पोरी. अभ्यास काय पळून चालला व्हय?" मी वरच्या मजल्यावर फरशी पुसत होते. खाली सर शिकवत होते की काही अपूर्णांकांचा भाग कधीच पूर्ण जात नाही. तेच आकडे फिरून फिरून येतात आणि त्यांच्या डोक्यावर एक आडवी रेघ मारली की काम झालं. वर्गात हे फक्त मला माहीत नव्हतं.

मी भागाकार मांडला. बाकी तीन. मग दोन. मग सहा, चार, पाच. शून्य काही येईना. मागं खिदळणं सुरू झालं. मला वाटलं, आपलाच पाढा चुकला. सातचा पाढा मी मनात पुन्हा म्हटला. पुढच्या बाकावरच्या एकानं मोबाइल काढून माझं शूटिंग चालू केलं. सरांनी त्याला अडवलं नाही.

"सर, ही तर मुक्कामाला आली," कुणीतरी म्हणालं.

सर हसले. "लिहू द्या. ह्या लोकायचं असंच असतंय. कितीबी द्या, पुरत न्हाई."

फळ्याची कड आली. "खाली जागा हाय की," सर म्हणाले. मी वाकून लिहायला लागले. बाकी आली एक. एकावर शून्य, दहा. दहातून सात गेले. हात थांबला. मी सुरुवातही दहातून सात काढूनच केली होती. मागं सरून फळा पाहिला. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

माझा पाढा चुकला नव्हता. शून्य येणारच नव्हतं. आणि सरांना ते माहीत होतं, मी पहिला आकडा लिहिला तेव्हाही. इतका वेळ लाजेनं कान तापले होते. ती लाज गेली. संताप आला.

मी मार्कर खाली ठेवला. "सर, हे संपत न्हाई. तुमाला म्हाईत होतं."

सर माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"मला शिकवून राहिली का? बोलीव तुझ्या आईला."

आई बादली ठेवून, हात पदराला पुसत आली. काय झालं हे तिनं विचारलंसुद्धा नाही. आधी हात जोडले. "सायेब, लेकरू हाय. चुकलं आसंल."

"पाय धरायला सांग तिला. न्हाई तर उद्यापासून दोघीबी येऊ नका."

आईचं काम आणि माझं शिक्षण, दोन्ही त्या पायांपाशी येऊन थांबलं होतं. आईनं माझी मान धरली आणि खाली दाबली. माझ्या आईनं. तिचाही मला राग आला, लपवत नाही. पण तिचा तळवा मानेला चटका देत होता. ताप उतरायच्या आत ती कामावर आली होती. पुन्हा सरांपुढं जोडायला तिनं हात उचलले, तेव्हा मी दोन्ही मनगटं धरून ते खाली ओढले.

"आई, चल. मी पाया पडणार न्हाई. तूबी पडायचं न्हाई."

"आगं, खायचं काय?"

 मी तिला घेऊन निघाले.

काम गेलं. क्लास गेला. आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. दहावी मी एकटीनं केली, रडत, चुकत, लोकांची जुनी पुस्तकं मागत. ते दिवस फार वाईट होते आणि त्यांनी मला घडवलं वगैरे मी म्हणणार नाही. घडायला मला अपमानाची गरज नव्हती.

सरांचा क्लास जोरात आहे. चौकाचौकात त्यांचा हसरा फोटो आहे. लोक म्हणतात, जाऊ दे, विसर आता. मी विसरणार नाही. माफही करणार नाही. आणि इथून पुढं माझ्या देखत कुणी एखाद्या लेकराला आडनाव विचारून उभं केलं, तर मी त्या वर्गात शिरेन. आत येऊ का, असं विचारणार नाही.