फळी कुणाच्या दारात थांबली?

नोकरीतली सगळी प्रकरणं एकीकडे आणि निवृत्तीनंतरचं हे एक एकीकडे. आजही आठवलं की आधी लाज वाटते, मग हायसं वाटतं.

करोनाने विमानं बंद झाली आणि मी नेदरलँड्समधल्या न्यूनेनला लेकीकडे अडकलो. शेजारी एक जपानी आजी राहत. त्यांचं गाव डोंगरातलं. शरदात घरोघरी वळचणीला तांबूस फळांच्या माळा वाळायच्या, हिवाळ्यात बर्फ छपराला टेकायचा. पुढे शाळा बंद पडली, गाव खालच्या शहरात विलीन झालं, नकाशावरून नावही गेलं. तिथली एक रीत आजींनी टाळेबंदीत आमच्या गल्लीत सुरू केली. सूचनांचा कागद लावलेली फळी सहा घरांत फिरायची. वाचायचं, सही करायची, पुढच्याच्या पायरीवर ठेवायची. पहिलं घर आजींचं, सहावं आमचं; आमच्याकडून ती परत आजींकडे जायची. "एवढ्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप आहे की," असं मी लेकीला म्हणालोही होतो.

एका सकाळी आजी कुंपणापाशी आल्या. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "काल तुमच्याकडून फळी आली नाही."

ती आमच्याकडेच आली नव्हती आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं! माझ्यातला फौजदार जागा झाला. मास्क लावून जबाब घ्यायला निघालो.

"बाबा, हे तुमचं पोलीस स्टेशन नाहीये हं," असं म्हणत लेक दुभाषी म्हणून आली.

चौथ्या घरच्या बाईंनी परवा दुपारीच फळी पाचव्या घराच्या पायरीवर ठेवली होती. तिथे एक डच आजोबा एकटेच राहत. पायरी रिकामी. सायकल दारात. तीनदा बेल वाजवली, दार उघडेना. माणूस घरात असून दार उघडत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हा माझा तीस वर्षांचा अनुभव.

मी ऐटीत आजींना सांगितलं, "चोर सापडला. पाचवं घर."

आजींचा चेहरा उतरला. "फळी गेली तर दुसरी करीन. आमच्या गावात फळी जिथे थांबते, तिथे माणसं धावतात!" बोलता बोलता त्या निघाल्याही.

त्यांनी दारातल्या टपाल टाकायच्या फटीतून हाक मारली. आतून कण्हणं ऐकू आलं. लेकीने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, चौथ्या घरच्या बाईंकडे आजोबांच्या घराची जादा किल्ली होती. चष्मा आणायला वर जाताना आजोबा तिथल्या घरांत असतो तशा उभ्या चढाच्या जिन्यावरून घसरले होते. खुबा मोडलेला, फळी हाताशी. परवा संध्याकाळपासून ते तिथेच पडून होते.

ते वाचले, असा हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मला रडू फुटलं. फौजदाराला शोभत नाही, पण फुटलं. आयुष्यभर मी बंद दारामागे गुन्हेगारच शोधला. तिथला माणूस मदतीची वाट बघत असेल, हे मला आजींच्या त्या गावाने शिकवलं.

काही महिन्यांनी आजोबा काठी टेकत आले आणि फळी आमच्या पायरीवर ठेवून गेले. त्या दिवशीची राहिलेली सही त्यांनी आठवणीने केली होती. खाली मी माझी केली. मग फळी घेऊन आजींकडे गेलो, बेल वाजवली आणि त्या दार उघडेपर्यंत तिथेच उभा राहिलो.