नऊ महिन्यांचं ताजं व्हर्जन

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर मध्येच ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्यावर!

तीस वर्षं कुपवाडला पंप आणि पाइप विकतोय. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. समोरचा माणूस कुठला माल खपवायला बघतोय, ते मला त्याच्या भुवईवरून कळतं. आणि याच हुशारीनं माझा घात केला.

झालं असं, की एक पंप कंपनी आमच्या भागाची एजन्सी देणार होती. मला आणि रहिमतपूरच्या दाजींना, दोघांत मिळून. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचंही दुकान पंपांचंच. अट एकच: दोन्हीकडचा माल एका स्क्रीनवर दिसला पाहिजे. कंपनीचे साहेब स्वतः येऊन बघणार.

म्हणून सुभेदारांना बोलावलं. फौजेत सिग्नलला, म्हणजे बिनतारी संदेशांच्या कामाला होते, आता दुकानोदुकानी कॉम्प्युटर लावून देतात. मालाची नोंद ठेवणारा त्यांचा प्रोग्राम फुकटचा. कुणीही घ्यावा, आतून उघडून बघावा, जगभरची माणसं मिळून तो बनवतात म्हणे.

“आप्पा, नवं व्हर्जन आलंय, पर तुमी मागचं घ्या,” सुभेदार म्हणाले. “ह्याला लाँग टर्म सपोर्ट हाय. पाच वर्षं दुरुस्त्या येत ऱ्हात्याल. नव्याच्या नऊ महिन्यांत बंद.”

मला हसूच आलं. अहो, ‘मागचं घ्या, टिकाऊ हाय’ हे वाक्य माझं! गोडाऊनमध्ये धूळ खात पडलेला प्रत्येक पंप मी याच वाक्यावर खपवलाय. आणि मलाच ऐकवता?

“सुभेदार, गोडाऊन रिकामं करताय व्हय?”

“आवं, फुकट हाय! गोडाऊन कसलं?”

“फुकट? मग तर लयच जुना दिसतोय!”

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. “बरं, कायबी घ्या, पर दोन्ही दुकानांत एकच ठेवा. बनवणारी माणसंसुदा तारखा जुळवून, कॉम्प्युटर चालवणारी खालची सिस्टीम नि वरचा प्रोग्राम जोडीनं काढत्यात. पलटणीत एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा असं चालत न्हाई.”

मी ऐकतोय कशाला? कुपवाडला नवंकोरं घेतलं. दाजींनी मात्र मुकाट्यानं मागचं घेतलं.

“दाजी, शिळं पदरात पडलं की वो!” मी फोनवर चिडवलं.

“असू द्या,” दाजी म्हणाले. दाजी एवढंच बोलतात.

पुढं काय विचारता! नवं व्हर्जन आलं की मी घेतलंच, आणि वर दुकानात कंदी पेढे वाटले. पहिल्या खेपेला बटणं जागेवरून हलली. दुसऱ्या खेपेला प्रिंटर रुसला. तिसऱ्या खेपेला अडीच इंची पाइप पंपांच्या यादीत जाऊन बसला. दर वेळी मी म्हणायचो, पुढच्या व्हर्जनात नीट होईल. माणूस मागं वळला तर व्यापारी कसला?

आणि साहेब आले. मी ऐटीत स्क्रीन फिरवली. कुपवाडचा माल झळकला. रहिमतपूर? कोरं! दाजींच्या जुन्या व्हर्जनचा माल माझ्या ताज्या व्हर्जनला वाचताच येईना.

“रहिमतपूरला दुकान आहे ना नक्की?” साहेबांनी विचारलं.

“आहे म्हणजे? सख्खी बहीण दिलीय तिथं!”

साहेबांनी बहिणीची नोंद घेतली नाही. संध्याकाळी ते रहिमतपूरला गेले. तिथंही कुपवाड कोरंच. पण दाजींचा एकेक नट जागच्या जागी. आठवड्यानं पत्र आलं: एजन्सी एकट्या रहिमतपूरला. कुपवाडनं माल त्यांच्याकडून घ्यावा.

परवा दाजींकडून पहिला टेम्पो आला. चार पंप. खोक्यांवर बोटभर धूळ. मी फोन केला.

“दाजी, हे काय?”

“मागचं मॉडेल हाय, आप्पा. पर टिकाऊ हाय.”

मी भुवई बघायला गेलो, तर फोनवर कुठली दिसतेय? आणि तुम्हाला सांगतो, दाजी खरं बोलतायत की माझ्यासारखं, हे मला अजून कळलेलं नाही.

पंप उतरवून घेतले. फडक्यानं स्वतः पुसले.