कापसानं पळवलेले मास्तर

दूर कुठं तरी अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे वऱ्हाडात कापसाच्या भावाला पंख फुटले. आमच्या भातकुलीत तर लोकांनी मिरचीचे वाफे मोडून कापूस लावला. मी मात्र वांगी, मेथी, कांदा करत राहिलो. त्यावरून गाव मला हसायचं. मला त्याचं फार काही वाटत नव्हतं, कारण माझ्या डोक्याला दुसराच घोर होता. माझी थोरली पोरगी.

ती तेव्हा आठेक वर्षांची असेल. गावात एक म्हातारे पंतोजी मारुतीच्या ओसरीवर पोरांना धुळाक्षरं आणि पाढे शिकवायचे. माझी पोरगी त्यांना रोज ताक नेऊन द्यायची आणि लोटा रिकामा होईस्तोवर खांबाआड बसून राहायची. पंतोजी सावकाश प्यायचे. एक दिवस औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घोकवता घोकवता ते म्हणाले, "सात औटं साडेबावीस." खांबाआडून आवाज आला, "साडेचोवीस!"

त्या संध्याकाळी पंतोजी आमच्या दारात. मला वाटलं, आता पोरीसकट आपल्यालाही बोलणी बसणार. ते खाटेवर टेकले आणि म्हणाले, "हिले अमरावतीले नेऊन घाल, सरकारी शाळेत. माह्यापाशी हिले शिकवाले काही उरलं नाही. अन् हिनं मले शिकवाले सुरुवात केली, तं माही इज्जत उरत नाही."

भाऊबंदांनी ऐकलं तेव्हा गलका झाला. पोरीची जात, हिचं लगीन करायचं की हिला कारकून करायचं? माझी बायको चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "लगन का कुठी पळून चाललं? होईन त्याच्या वेळेवर." तिच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती, माझीही नव्हती. पोरगी शाळेत जाणार हे ठरलं.

बाजाराच्या दिवशी भाजीच्या गाडीत, कांद्याच्या पोत्यावर बसवून मी तिला अमरावतीला नेलं. रस्ताभर कापसाच्या गाड्या. बाभळीच्या काट्यांना कापूस लटकलेला. शाळेचे हेडमास्तर पुण्याकडचे होते. पगडी, उपरणं, बोलणं कसं धुतल्यासारखं. पोरीकडे पाहून म्हणाले, "मुलगी? मुलींना घ्यावं असा नियम नाही."

पोरगी म्हणाली, "काहून?"

"काहून म्हणजे काय?"

"काहून म्हंजे कावून," तिनं समजावून सांगितलं.

हेडमास्तर माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "ती 'का' म्हणून इचारून राहिली, साहेब." त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात जरा हसू आलं. तेवढ्यात पोरगी भिंतीवरच्या नकाशापाशी पोचली होती.

"मास्तर, आमची पेढी नदी कोठी हाय ह्याच्यात?"

"लहान नद्या त्यात दाखवत नाहीत."

"मंग तिचं पाणी कोठी जाते?"

हेडमास्तरांनी नकाशावर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "घेऊ नये असाही नियम नाही म्हणा." पोरीचं नाव लागलं. अमरावतीत माझी बहीण राहायची, तिच्याकडे तिला ठेवली आणि मी गावी आलो.

पुढच्या बाजाराला गेलो तर पोरीचं तोंड उतरलेलं. पहिल्या यत्तेत बसवलं होतं आणि तिथं अजून 'ग म भ न' चाललं होतं. मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी तिला दुसरीत घातलं. त्या पुढच्या बाजाराला पाहतो तर दुसरीचे मास्तर गायब.

"कापसात गेले," पोरगी म्हणाली.

त्या दिवसांत हे असंच होतं. ज्याला चार अक्षरं लिहिता आली, हिशेब करता आला, त्याला दलाल आणि आडते शोधत फिरायचे. मास्तर आज फळ्यापुढं, उद्या गंजीपुढं. हेडमास्तरांनी पोरीला तिसरीत सरकवलं, तर तिसरीचे मास्तर आठवड्यात कापसात. माझी बहीण म्हणायची, "दादा, तुही पोरगी ज्या यत्तेत जाते त्या मास्तरचं नशीब उघडते."

शेवटी एक दिवस आभाळ भरून आलं. बाजारातल्या कुणा व्यापाऱ्यानं माल भिजू नये म्हणून शाळेचा अर्धा सोपा मागून घेतला आणि कापसानं छतापर्यंत भरला. मास्तर एकच उरले होते, ते हेडमास्तर, आणि ते व्यापाऱ्याशी भांडायला बाहेर गेले. पोरांना आणखी काय पाहिजे! मी दुपारी पोचलो तेव्हा माझी पोरगी बहिणीच्या दारात उभी, केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्याही पांढऱ्या.

"आज काय शिकली बाई?" मी विचारलं.

"उडी माराले," ती म्हणाली आणि रडायला लागली. "बा, इथी कोनी शिकवतच नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं की गालावरचा कापूस ओला होऊन चिकटायचा. मी धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसलं.

माझा मेहुणा अकोल्याला मोर्णेकाठी मळा करायचा. त्याचा निरोप आला, इथं मुलींची शाळा निघाली आहे, मास्तर म्हातारे आहेत पण चांगले आहेत. मी म्हणालो, चांगले असतील, पण टिकतील का? अकोला म्हणजे कापसाचं दुसरं माहेर. तरी बैल जुंपले. ह्या खेपेला बायकोही आली. तिला मास्तर स्वतः पारखायचे होते.

शाळा म्हणजे एक कौलारू खोली आणि सहा-सात मुली. मास्तर बारीक, नाक लाल. आम्ही आत पाऊल टाकलं तसे ते सटासट शिंकायला लागले. रस्त्यानं आमच्या कपड्यांना कापूस लागला होता.

"बाहेर, बाहेर!" ते ओरडले. "आधी झटकून या!"

आम्ही अंगणात एकमेकांचे कपडे झटकले. मग मास्तर नाक पुसत म्हणाले, "माफ करा. कापूस समोर आला की माझा जीव नाकात येतो. दोघे दलाल बोलवायला आले होते. शिंका ऐकूनच परत गेले."

बायकोनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "हेच," ती कुजबुजली. "हे मास्तर कुठीच जात नाहीत."

पण खरी परीक्षा अजून व्हायची होती. पोरीची नव्हे, मास्तरांची, आणि ती पोरगी घेणार होती. तिनं विचारलं, "मास्तर, नकाशात न दाखवलेल्या नदीचं पाणी कोठी जाते?"

मास्तर म्हणाले, "मला ठाऊक नाही. तुझी नदी कुठून कुठं जाते ते मला सांग, आपण दोघं काढून पाहू." आणि पाटी तिच्यापुढं सरकवली. ती खाली बसली. आम्ही निघालो तेव्हा तिनं वरही पाहिलं नाही. बायको गाडीत रडली आणि रडता रडता म्हणाली, "बरं झालं, नाही पायलं ते."

पोरगी मामाकडं राहिली. मास्तरांनी तिला हाताला लागेल ते वाचायला दिलं, भूमिती दिली, मोडी दिली. लढाई संपली, कापसाचे भाव बसले आणि पळालेले मास्तर एकेक करून खालमानेनं शाळांत परतले. तिचं लग्नही अकोल्यातच झालं, फुलांचा मळा करणाऱ्या घरात. सोयरिकीच्या बैठकीत बायकोनं सांगितलं होतं की पोरगी शाळेत जात राहील. सासरे म्हणाले, "जाऊ द्या, पण सकाळची फुलं तोडून जाईन." पोरीला पहाटे उठायची सवय होतीच.

मास्तरांच्यानं होईना तेव्हा त्यांनीच तिला आपल्या जागी उभं केलं. मग मी एकदा पेरूंची टोपली घेऊन तिला भेटायला शाळेत गेलो. दारातून हाक मारली. एक परकरातली पोर बाहेर आली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई म्हणतेत, थांबा. आमचं गणित अर्ध्यावर हाय."

मी निंबाखाली बसलो. गणित बरंच लांबलं. मी दोन पेरू खाल्ले.