विहिरीतला दुधी खडा

बोलता बोलता आमचे खडे घासणारे कारागीर एकदम हात वर करायचे. "थांबा शेठ. बोलला येक." मग फळीवरचं ताट खाली घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि ताटातले ओपलचे खडे एकेक करून उजेडात धरायचे. एखाद्याला केसाएवढी चीर गेलेली असायची. चीर जाताना खडा आवाज करतो म्हणे. माझं सगळं आयुष्य सोनारकामात गेलं, पण मला तो आवाज कधी ऐकू आला नाही. तुम्हालाही आला नसता.

माझं दुकान घोडेगावात. ज्योतिष्यानं शुक्रासाठी ओपल घालायला सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं आणि मी शिनोलीला यांच्याकडे जायचो. जयपुरात पैलू पाडायचं काम शिकून ते गावी परतले होते. कच्चा मालही तिथूनच आणायचे. घेताना दगड जिभेला लावून बघायचे. चिकटला की बाजूला सारायचे. "ह्यो लई तानेला हाय. पानी पितो आन् सुकताना दगा देतो." चांगला दगडसुद्धा घासण्याआधी अख्खा उन्हाळा फळीवर सुकत ठेवायचा, हा त्यांचा नियम. गिऱ्हाइकानं घाई केली तर उत्तर ठरलेलं, "मंग काच घाला म्हनावं." माझी कितीतरी गिऱ्हाइकं त्यांनी अशी पळवून लावली.

फळीवर ताटं दोन असत. एक धंद्याचं. दुसऱ्यात पांढरे, दुधी दगड, आपल्याच मातीतले. ते विकायचे नव्हते. कुठले म्हणून मी विचारलं तेव्हा त्यांनी घासायचं मशीन चालू केलं. उत्तर मिळायला काही वर्षं जावी लागली.

तरुणपणी ते आणि त्यांचा थोरला भाऊ विहिरी खोदायचे. गावच्याच डोंगराखालच्या एका विहिरीत पाच सुरुंग ठासले, वाती पेटवल्या आणि सगळे वर येऊन लांब थांबले. जितके सुरुंग तितके आवाज झाले की मगच माणूस खाली उतरायचा. मोजायचं काम यांचं. यांनी पाच मोजले. दादा उतरले, त्यांनी पहार घातली आणि राहिलेला सुरुंग उडाला.

"चारच झालं व्हतं, शेठ," ते म्हणाले. "पाचवा डोंगरानं दिला."

कड्यावर आपटून परत आलेला आवाज त्यांनी सुरुंगाचा म्हणून धरला होता.

त्याच विहिरीच्या डबरातून त्यांनी ते पांढरे दगड पोतंभर गोळा केले होते. "त्या हिरीनं आमचं मानूस घ्येतलं. येक धड खडा तरी द्यायला पायजे का न्हाई तिनं?" तो खडा वहिनीला द्यायचा, एवढंच त्यांना हवं होतं. वहिनीची लाकडं फोडून द्यायचे, दळण आणून द्यायचे, पण सगळं उंबऱ्याबाहेरून. दादा गेल्यापासून त्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. "मोकळ्या हातानं आत कसा जाऊ?"

आणि खडा काही धड निघत नव्हता. घासून ठेवला की महिन्या दोन महिन्यांत हात वर जायचा, "बोलला." पोतं तळाला गेलं. संध्याकाळी तिथून निघताना माझ्या मोटारसायकलचा आवाज कड्यावरून परत यायचा. मी मागे वळून बघत नसे.

मग एका पावसाळ्याच्या तोंडाशी ते दुकानात आले. रुमालात वाटाण्याएवढा दुधी खडा. "उनाळा काढला ह्यानं. बोलला न्हाई." त्या दिवशी मी दुसरं काम हातात घेतलं नाही, चांदीची अंगठी करून दिली. दुसऱ्या दिवशी कळलं की ते वहिनीच्या घरात जेवले. तिथून पुढे रोज एक वेळ तिथेच जेवू लागले. तब्येत सुधारली, मला टोमणे मारण्यापर्यंत मजल गेली. हात मात्र अधूनमधून वर जायचाच.

गेल्या थंडीत ते गेले. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी दुकानात आल्या. अंगठी सैल झाली होती, आवळून हवी होती. मी ती उजेडात धरली. खड्याला मधोमध चीर होती, जुनी, मळ बसून काळी पडलेली.

"हा कधी तडकला?"

"त्याच दिवाळीला. भावजी आलं की मी खडा आत फिरवून मूठ मिटायची. सुखानं जेवत व्हतं, कशाला सांगू?"

दुसरा बसवतो म्हटलं तर नको म्हणाल्या. मी अंगठी आवळून दिली. त्यांनी ती बोटात घातली, उठल्या आणि पुन्हा स्टुलावर बसल्या.

"त्या दिशी भाकरी घ्येऊन मीबी हिरीवर गेलते, शेठ. आवाज मीबी मोजलं."

"किती?"

"पाचच. भावजी लांब व्हतं. उतरताना मालकांनी मलाच इचारलं, झालं का समदं? मी म्हनलं, झालं पाच, उतरा." त्यांनी पदर सावरला. "भावजींना सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."